हाक आणि आमंत्रण : अलीकडील व्हॅम्पायरपटांतील एका संकेताचा विचार

१

लोकप्रिय कथाप्रकारांची चर्चा करताना समीक्षा बहुधा दोनपैकी एका मार्गाने जाते. एक तर प्रकाराचे रूढ संकेत ही केवळ सजावट आहे असे मानून ती त्यांना बाजूला सारते. किंवा ते संकेत म्हणजे एखाद्या सामाजिक आशयाची गुप्त लिपी आहे असे समजून ती लिपी उलगडण्याचे काम हाती घेते. व्हॅम्पायरकथेच्या बाबतीत दुसरा मार्ग अधिक प्रतिष्ठित ठरला. फ्रँको मोरेत्ती यांनी ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'त (१८९७) मक्तेदारी भांडवलाचे भय पाहिले. स्टीफन अराटा यांनी १९९० साली त्याच कादंबरीत साम्राज्याच्या केंद्रावर उलटून येणाऱ्या वसाहतीकरणाची धास्ती वाचली. नीना आउरबाख यांच्या १९९५ मधील ग्रंथाने प्रत्येक काळ आपल्याला हवा तसा व्हॅम्पायर घडवतो हे सूत्र रूढ केले.

या वाचनांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. तथापि त्यांची एक मर्यादा आहे. व्हॅम्पायर कथेत का आला याचे उत्तर ती देतात. तो विशिष्ट नियमांनी का वागतो याचे उत्तर मात्र त्यांच्याकडून क्वचितच मिळते. व्हॅम्पायर म्हणजे भांडवल असेल, तर ते परक्या घराच्या दाराशी परवानगीसाठी का थांबते? तो वसाहतीचा सूड असेल, तर त्याला घरातल्या माणसाच्या होकाराची गरज का भासावी? रूपकाची किल्ली या ठिकाणी चालत नाही, कारण हा नियम रूपकाचा भाग नसून कथेच्या अंतर्गत न्यायव्यवस्थेचा भाग आहे.

लसूण, क्रूस, आरशात न उमटणारे प्रतिबिंब, सूर्यप्रकाश, काळजात ठोकायची लाकडी मेख हे संकेत व्हॅम्पायरच्या देहाविषयी किंवा त्याच्या पापी अस्तित्वाविषयी काही सांगतात. आमंत्रणाचा संकेत त्यांच्याहून वेगळ्या जातीचा आहे. तो दारात उभ्या असलेल्याविषयी कमी आणि दाराआड असलेल्याविषयी अधिक बोलतो. बळीच्या इच्छेला तो कथेत स्थान देतो आणि त्याबरोबरच तिच्यावर जबाबदारीही टाकतो. ज्याने आत घेतले त्याने परिणाम भोगावेत, हा निष्कर्ष या संकेतात सुप्तपणे वावरत असतो. म्हणूनच व्हॅम्पायरकथा नैतिकदृष्ट्या कोठे उभी आहे हे तपासायचे असेल, तर तिच्या उंबरठ्यापाशी जावे लागते. रॉबर्ट एगर्स यांचा 'नोस्फेरातू' (२०२४) आणि रायन कूगलर यांचा 'सिनर्स' (२०२५) हे चित्रपट या दृष्टीने शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. दोन्ही चित्रपट एकाच प्रश्नापाशी येतात आणि तेथून परस्परविरुद्ध दिशांना जातात.

संज्ञेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. मराठीत पिशाच, वेताळ, हडळ असे शब्द असले तरी त्या प्रत्येकामागे स्वतंत्र कथापरंपरा आणि स्वतंत्र नियम आहेत. वेताळ प्रश्न विचारतो, आत येण्याची परवानगी मागत नाही. येथे नियमांचाच विचार करायचा असल्याने 'व्हॅम्पायर' हा शब्द तसाच ठेवला आहे.

२

ज्यांना आज 'अभिजात' म्हटले जाते ते व्हॅम्पायरकथेचे सर्व संकेत प्राचीन नाहीत. स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसा लंडनच्या रस्त्यावर फिरतो. उन्हात त्याची शक्ती क्षीण होते, तो मरत नाही. सूर्यकिरणांनी व्हॅम्पायरचा नाश होतो हा संकेत पडद्यावर रुजवला तो एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांच्या 'नोस्फेरातू'ने (१९२२). हा चित्रपट स्टोकरच्या कादंबरीचे अनधिकृत रूपांतर होता. स्टोकरच्या पत्नीने दाद मागितल्यावर न्यायालयाने त्याच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला, तरी काही प्रती वाचल्या. ज्या संकेताला परंपरेचा आधारस्तंभ मानले जाते तो अशा रीतीने एका बेकायदा पुनर्कथनातून आलेला आहे.

आमंत्रणाचा संकेत याहून जुना आहे आणि आरंभापासून तो संदिग्ध आहे. शेरिडन ल फानू यांच्या 'कार्मिला'त (१८७२) गाडीच्या अपघातानंतर एका अनोळखी मुलीला किल्ल्यात आसरा दिला जातो. आग्रह धरते ती एकाकी लॉरा, रुकार देतात ते तिचे वडील, आणि रक्त जाते ते लॉराचे. म्हणजे इच्छा एकाची, अधिकार दुसऱ्याचा. स्टोकरच्या कादंबरीत ही फाळणी अधिक तीव्र होते. घरातल्या कोणी बोलावल्याखेरीज ड्रॅक्युलाला प्रथम आत येता येत नाही आणि एकदा बोलावल्यावर मात्र तो हवा तेव्हा येऊ शकतो, हा नियम व्हॅन हेल्सिंग स्पष्टपणे सांगतो. पण वेड्यांच्या इस्पितळात ड्रॅक्युलाला प्रवेश देतो तो रेनफिल्ड, तेथे कोंडून ठेवलेला रुग्ण. घरावर ज्याचा कसलाही अधिकार नाही त्याच्या होकाराने दार उघडते आणि बळी जाते मीना, जिला कोणी विचारलेलेही नाही. आमंत्रण देण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न कादंबरीने निर्माण केला, परंतु तेथे तो अनुत्तरितच राहिला.

मुर्नाऊ यांनी या संकेतात एक नवी गोष्ट मिसळली. कार्पेथियन पर्वतातील किल्ल्यात काउंट ऑर्लोक हुटरवर झेपावत असताना दूर विस्बोर्गमध्ये त्याची पत्नी एलेन झोपेतून उठून हात पसरते आणि हाक मारते. पुढच्या चित्रचौकटीत ऑर्लोक मान वळवतो व हुटरला सोडून निघून जातो. एलेनची हाक नवऱ्यासाठी आहे. ऐकली मात्र ऑर्लोकने. पुढे तो समुद्रमार्गे आणि हुटर जमिनीवरून विस्बोर्गकडे येत असताना एलेन नेमकी कोणाची वाट पाहत आहे, हे संकलनाच्या रचनेवरून ठरवता येत नाही. अखेरीस समोरच्या घराच्या खिडकीतून पाहणाऱ्या ऑर्लोकसाठी ती आपली खिडकी उघडते आणि कोंबडा आरवेपर्यंत त्याला रोखून धरते. येथे दोन भिन्न क्रिया आहेत. पहिली हाक : ती अनावर आहे, तिला ठरलेला श्रोता नाही. दुसरे आमंत्रण : ते जाणीवपूर्वक आहे, एका विशिष्ट व्यक्तीला उद्देशून आहे. मूकपटाने या दोहोंमधील अंतर खुले ठेवले. त्या अंतराचे पुढे काय झाले, हा प्रस्तुत विवेचनाचा मुद्दा आहे.

३

त्यापूर्वी दोन चित्रपटांचा उल्लेख आवश्यक आहे, कारण या संकेताच्या दोन टोकांच्या शक्यता त्यांत दिसतात.

टोमास आल्फ्रेडसन यांच्या 'लेट द राइट वन इन' (२००८) या स्वीडिश चित्रपटात हा संकेत शीर्षकातच आहे. स्टॉकहोमच्या उपनगरात राहणारा, शाळेत मार खाणारा ऑस्कर आणि त्याच्या शेजारी राहायला आलेली एली यांची ही कथा. आमंत्रण न देता आत आलीस तर काय होईल, हे पाहण्यासाठी ऑस्कर मुद्दाम गप्प राहतो. एली आत येते आणि तिच्या डोळ्यांतून, कानांतून, त्वचेतून रक्त झरू लागते. घाबरलेला ऑस्कर तिला 'आत ये' म्हणतो तेव्हाच रक्त थांबते. नियम मोडण्याची किंमत येथे व्हॅम्पायरच्या शरीरातून वसूल होते आणि परवानगी देणाऱ्याच्या हाती क्षणभर जीवघेणी सत्ता येते. ज्या मुलाला कोठेही सत्ता नाही त्याला उंबरठ्याने ती दिली, आणि तिचा पहिला उपयोग त्याने क्रौर्यासाठी केला. प्रेमकथेच्या गाभ्याशी असलेले हे क्रौर्य चित्रपट लपवत नाही, हे त्याचे मोठेपण आहे.

दुसऱ्या टोकाला पाब्लो लाराईन यांचा 'एल कोंदे' (२०२३) आहे. चिलीतील १९७३ च्या लष्करी उठावाला ५० वर्षे पूर्ण झाली त्या वर्षी आलेल्या या कृष्णधवल उपहासपटात आउगुस्तो पिनोशे हा २५० वर्षांचा व्हॅम्पायर आहे. तो गणवेश चढवून रात्री सान्तियागोवरून उडतो, माणसे मारतो आणि त्यांची हृदये यंत्रात घुसळून पितो. या चित्रपटात उंबरठा नाही. कोणाच्याही दाराशी थांबून पिनोशे परवानगी मागत नाही, आणि हे वगळणे अर्थपूर्ण आहे : राज्यसत्ताच ज्याच्या हातात आहे त्याला बोलावण्याची गरज कोणती? अमरत्वाचा संकेतही येथे नेमका बसतो. १९९८ साली लंडनमध्ये अटक होऊनही २००६ मध्ये दोषी न ठरताच मरण पावलेल्या हुकूमशहाच्या बाबतीत 'न मरणे' हे शिक्षेतून सुटण्याचे दुसरे नाव आहे.

तथापि ज्या संकेताला या चित्रपटाने वगळले त्याची उणीव पुढे जाणवू लागते. दारच नसल्याने दाराआडची माणसेही नाहीत. रात्री मारले जाणारे नागरिक निनावी हृदये होऊन राहतात; पडद्यावर उरतात ती खुनी आणि त्याच्या संपत्तीवर डोळा ठेवून जमलेली त्याची मुले. शिवाय फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात त्याचा उगम दाखवून आणि मार्गारेट थॅचर यांना त्याची आई ठरवून चित्रपट चिलीच्या इतिहासातील कार्यकारणभावाच्या जागी वंशावळ ठेवतो. शिक्षेतून सुटण्याचे रूपक येथे यशस्वी होते, उगमाचे फसते. बळीचा आवाज कथेत आणणारा संकेत काढून टाकला की व्हॅम्पायरकथा शिकाऱ्याचे कौटुंबिक नाट्य होऊन बसते, असा या चित्रपटाचा अभावात्मक धडा आहे.

४

एगर्स यांच्या 'नोस्फेरातू'मध्ये बळीचा आवाज पहिल्या दृश्यापासून आहे. कोवळ्या वयातील एकाकी एलेन रात्री कोणा सांत्वन करणाऱ्या आत्म्याची याचना करते. उत्तर देतो ऑर्लोक, आणि तिच्याकडून कायमची बांधिलकी वदवून घेतो. कथेचा उर्वरित भाग १८३८ मध्ये घडतो. एलेनचे थॉमस हुटरशी लग्न झाले आहे; घराच्या व्यवहारासाठी तो ऑर्लोकच्या किल्ल्यात जातो; तेथे त्याला न समजणाऱ्या भाषेतील एका दस्तऐवजावर सही करण्यास भाग पाडले जाते. थैलीभर सोन्याच्या मोबदल्यात त्याने पत्नीवरचा हक्क सोडला, असा त्या सहीचा अर्थ असल्याचे नंतर उघड होते. विस्बोर्गला पोहोचल्यावर ऑर्लोक एलेनला तीन रात्रींची मुदत देतो. तिने स्वेच्छेने स्वतःला अर्पण केले पाहिजे, अन्यथा तिच्या जवळची माणसे मरतील. दुसऱ्या रात्री तिची मैत्रीण ॲना आणि तिच्या मुली मारल्या जातात.

आमंत्रणाच्या संकेताचे इतके काटेकोर विश्लेषण व्हॅम्पायरपटात क्वचितच झाले असेल. संमती येथे तीनदा घेतली जाते. एकदा ती अजाण मुलीकडून, दुसऱ्यांदा न वाचता आलेल्या कागदावर नवऱ्याकडून, तिसऱ्यांदा प्रौढ स्त्रीकडून, पण आप्तांच्या प्रेतांच्या साक्षीने. प्रत्येक वेळी संमतीचे बाह्यरूप पूर्ण होते, प्रत्येक वेळी तिचा आशय रिकामा असतो. ऑर्लोकला बळजबरी नको आहे, त्याला होकार हवा आहे; आणि होकार मिळवण्यासाठी तो जे करतो ती बळजबरीच आहे. कायद्याची भाषा बोलणाऱ्या हिंसेचे हे चित्रण चित्रपटाची सर्वांत मोठी मिळकत होय. किल्ल्यातील सहीचे दृश्य त्या दृष्टीने शेवटच्या रक्तपानाच्या दृश्याहूनही अधिक भयंकर आहे.

मात्र याच चित्रपटात एक घसरणही आहे आणि ती मुर्नाऊ यांच्याशी तुलना करताना स्पष्ट होते. १९२२ च्या चित्रपटात हाकेचा श्रोता अनिश्चित होता. एगर्स यांनी ती अनिश्चितता पूर्वेतिहासात रूपांतरित केली. आता हाक कोणी मारली, कोणी ऐकली, कधी ऐकली हे सारे निश्चित आहे. आणि ते निश्चित होताच हाक व आमंत्रण एक होऊन जातात. एकटेपणातून उमटलेली याचना करारासारखी बंधनकारक ठरते. आपणच हे संकट ओढवून घेतले असे एलेन मानते. चित्रपट तिच्या या अपराधभावनेचा उगम दाखवतो. तिचे खंडन मात्र करत नाही. गूढविद्येचा अभ्यासक फॉन फ्रान्त्स याला तारणाचा एकच मार्ग दिसतो : तिने रात्रभर ऑर्लोकला रोखून धरावे. तो हुटर आणि डॉक्टर झीव्हर्स यांना मुद्दाम ऑर्लोकच्या वाड्याकडे नेतो, जेणेकरून घरी एलेनला कोणी अडवू नये. पहाट होते, ऑर्लोक मरतो, एलेनही मरते, रोगराई ओसरते. शहराने देणे न लागता शहराचे देणे फिटते.

एलेनच्या अखेरच्या निर्णयात तिची स्वतःची वासना आहे, दडपलेल्या स्त्रीत्वाने स्वतःचे नियंत्रण घेतले आहे, असा प्रतिवाद करता येईल. लिली-रोझ डेप यांच्या अभिनयात त्याला आधारही आहे : शेवटच्या दृश्यात भय आणि ओढ वेगळी काढता येत नाहीत. परंतु वासना मान्य केली म्हणून हिशेब बदलत नाही. तिची इच्छा तिला जिवंत ठेवू शकेल असा एकही मार्ग कथानकात उपलब्ध नाही. ज्या व्यवस्थेने तिला आजारी ठरवून बांधून ठेवले तीच व्यवस्था अखेरीस तिला वंदनीय ठरवते, आणि दोन्ही वेळा मोजमाप तिच्या देहाचेच होते. संमतीचा पोकळपणा दोन तास उघड करून दाखवणारा चित्रपट शेवटच्या दहा मिनिटांत त्याच पोकळ संमतीला बलिदानाचे पावित्र्य देतो. संकेताशी असलेली निष्ठा येथे विचारावर मात करते.

५

'सिनर्स'ची भूमी वेगळी आहे : मिसिसिपी राज्यातील क्लार्क्सडेल, वर्ष १९३२. शिकागोहून परतलेले स्मोक आणि स्टॅक हे जुळे भाऊ एका गोऱ्या मालकाकडून लाकूड कापण्याची जुनी गिरणी विकत घेतात आणि तेथे कृष्णवर्णीयांसाठी ज्यूक जॉइंट, म्हणजे नाचगाण्याचा आणि मद्याचा अड्डा, सुरू करतात. त्यांचा तरुण नातलग सॅमी हा धर्मोपदेशकाचा मुलगा, पण ब्लूज गाणारा. पहिल्याच रात्री त्याच्या गाण्याने भूत आणि भविष्य यांतील पडदा फाटतो. पूर्वजांचे वादक आणि पुढच्या पिढ्यांचे नर्तक एकाच छताखाली नाचू लागतात. ते गाणे बाहेर अंधारात रेमिक हा आयरिश व्हॅम्पायरही ऐकतो. तो आणि त्याने बाधित केलेले एक गोरे जोडपे वाद्ये घेऊन दाराशी येतात व आत घेण्याची विनंती करतात.

हाक येथेही आहे आणि येथेही ती व्हॅम्पायरला उद्देशून नाही. सॅमीचे गाणे एलेनच्या याचनेचे समांतर रूप होय. भेद पुढे सुरू होतो. सॅमीचे वडील अगदी 'नोस्फेरातू'च्या तर्काने बोलतात : असले संगीत सैतानाला बोलावते, तेव्हा गिटार टाकून दे. त्या रात्रीनंतर जखमी, रक्ताळलेला सॅमी मोडक्या गिटारीचा दांडा हातात धरून चर्चमध्ये येतो तेव्हा वडील तीच मागणी पुन्हा करतात. सारे प्रत्यक्ष घडून गेल्यावर त्यांचे म्हणणे खरे ठरले असे कोणीही म्हणेल. सॅमी दांडा सोडत नाही. हाकेचे परिणाम चित्रपट नाकारत नाही, परंतु हाकेला अपराध मानायलाही नकार देतो. गाणे ऐकले म्हणून ऐकणाऱ्याला घरात शिरण्याचा हक्क मिळत नाही. तो हक्क दारापाशी, वेगळ्या प्रश्नातून, वेगळ्या उत्तराने ठरतो.

ते दार कोणाचे, याला या चित्रपटात ऐतिहासिक वजन आहे. ज्या समाजात वर्णभेदाच्या कायद्याने कृष्णवर्णीय माणसाला कोणत्या दाराने जावे हे ठरवून दिले होते, तेथे काही कृष्णवर्णीय माणसे आपल्या दारात उभी राहून तीन गोऱ्यांना 'नाही' म्हणतात. व्हॅम्पायरकथेचा जुना नियम त्यांना एका रात्रीपुरता असा अधिकार देतो, जो त्यांच्या राज्याच्या कायद्याने कधीच दिलेला नाही. रेमिक तो अधिकार मान्य करतो. पोलीस, मळेमालक, क्लॅनचे सभासद यांपैकी कोणीही मानणार नाही ती मर्यादा हा राक्षस पाळतो.

या मर्यादेला कोठे भेगा पडतात हे कूगलर सावकाश दाखवतात. गिऱ्हाइकांकडे मळ्यांवर मजुरीपोटी मिळालेले, मळ्याबाहेर किंमत नसलेले चलन आहे. अड्डा तोट्यात जाणार असे दिसते, म्हणून गोरी भासणारी, पण या समाजाचीच असलेली मेरी बाहेरच्या पाहुण्यांकडे खरे पैसे आहेत का ते पाहायला जाते आणि बाधित होऊन परतते. तिला आपली म्हणून आत घेतले जाते. पुढे दारावरचा राखणदार कॉर्नब्रेड लघुशंकेसाठी बाहेर जातो आणि परत आल्यावर आत येण्याची परवानगी मागू लागतो. आपला माणूस परवानगी मागत नाही. त्याच्या आर्जवातूनच ॲनीला संशय येतो. संकेताचा इतका सूक्ष्म उपयोग विरळा. परकेपणाची खूण चेहऱ्यात नाही, दातांत नाही, ती विनंतीच्या व्याकरणात आहे. अखेरीस चिनी वंशाची दुकानदार ग्रेस, आपल्या मुलीला धोका आहे हे कळल्यावर, सर्वांच्या वतीने बाहेरच्यांना ओरडून आत बोलावते. रेनफिल्डच्या वेळी जो प्रश्न अनुत्तरित राहिला होता तो येथे पूर्ण वेदनेसह समोर येतो : समूहाचे दार एका व्यक्तीने उघडावे काय? चित्रपट ग्रेसला खलनायिका करत नाही. तिचा होकार हाही धाकाखाली घेतलेला होकारच आहे, पण त्यातून एलेनसारखे पावित्र्य निर्माण होत नाही. निर्माण होते ती केवळ कत्तल.

रेमिकचे पात्र हा या रचनेतील सर्वांत धीट भाग आहे. तो सरसकट खोटे बोलत नाही. गिरणी विकणारा हॉगवूड सकाळी माणसे घेऊन सर्वांना मारायला येणार आहे, हे सत्य तोच सांगतो. वंशभेद नसलेली बिरादरी तो देऊ करतो, आणि त्याने बाधित केलेल्यांत ती एका अर्थाने आहेही : सर्वांच्या स्मृती एक होतात, सारे एकाच लयीत त्याचे आयरिश गाणे गातात. परंतु गाणे त्याचेच असते. सॅमी प्रार्थना म्हणू लागतो तेव्हा रेमिक मागे हटत नाही, तीच प्रार्थना त्याच्याबरोबर म्हणतो. ज्यांनी त्याच्या वडिलांची जमीन हिरावली त्यांनीच ती त्याच्यावर लादली होती, तरीही ती त्याला दिलासा देते. धर्मचिन्हाने व्हॅम्पायर पळतो हा संकेत येथे उलटला आहे आणि त्याला कारण आहे. जित आणि जेते यांच्या इतिहासात प्रार्थना कोणाची हे आता सांगता येत नाही. अराटा यांनी वर्णिलेले उलटे वसाहतीकरण येथे अधिक गुंतागुंतीचे होते : वसाहतीचा बळी दुसऱ्या बळींच्या दाराशी आला आहे, आणि त्याला हवी आहे त्यांची स्मृती.

सूर्योदयाने व्हॅम्पायर जळून जातात. मुर्नाऊ यांनी दिलेला संकेत जसाच्या तसा पाळला जातो. एगर्स यांच्या चित्रपटात सूर्योदयाबरोबर कथा संपते, कारण संकट एकच होते. 'सिनर्स'मध्ये सूर्योदयानंतर क्लॅनची माणसे बंदुका घेऊन येतात. त्यांना आमंत्रण लागत नाही, ऊन बाधत नाही, लसूण बाधत नाही. स्मोक त्यांना मारतो आणि मरतो. अभिजात संकेतांच्या पूर्ण मालिकेनंतर आलेले हे साधे, अद्भुताचा लवलेश नसलेले दृश्य त्या संकेतांची सीमा आखून दाखवते. रात्रीच्या राक्षसाला नियम आहेत. दिवसाच्या राक्षसाला नाहीत. 'एल कोंदे'ने जी गोष्ट उंबरठा वगळून सांगितली, ती कूगलर उंबरठा उभारून, तो रात्रभर जपून आणि मग सकाळी निरुपयोगी ठरवून सांगतात. म्हणूनच ती अधिक खोल जाते.

चित्रपटाला दोष नाहीत असे नाही. हॉगवूडच्या टोळीशी होणारी चकमक सूडपटाच्या सहज समाधानाकडे झुकते. पूर्वार्धात सावकाश उभी केलेली माणसे उत्तरार्धातील झुंजीत फार भराभर संपतात. पण १९९२ मध्ये घडणारा पश्चादंश या घाईची भरपाई करतो. वृद्ध सॅमीसमोर व्हॅम्पायर झालेले स्टॅक आणि मेरी, वय न वाढलेले, येऊन बसतात. स्टॅक त्याला अमरत्व देऊ करतो आणि सॅमी ते नाकारतो. त्या रात्रीच्या आठवणीने आजही थिजायला होते, परंतु सूर्य मावळण्यापूर्वीचा तो दिवस आयुष्यातला सर्वोत्तम होता, असे तो सांगतो. ज्या दिवसाने हाक दिली त्या दिवसाचा त्याला पश्चात्ताप नाही.

६

आतिथ्याचा विचार करताना जाक देरिदा यांनी एक पेच दाखवला होता : यजमान होण्यासाठी घरावर मालकी हवी, आणि ही मालकी आतिथ्यावर आधीच अटी लादते. व्हॅम्पायरकथा या पेचाची दुसरी बाजू दाखवते. 'नाही' म्हणण्यासाठीही घर आपले असावे लागते. लॉराचे घर वडिलांचे होते, मीना राहत होती ते इस्पितळ होते, एलेनचे घर नवऱ्याच्या सहीवर अवलंबून होते. जुळ्या भावांची गिरणी अशा माणसाकडून घेतलेली होती, ज्याला ती सकाळी परत घ्यायची होती. ज्यांच्यापाशी दार नाही त्यांच्याकडून आमंत्रण मागितले जाते आणि मग त्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली जाते, असा या संकेताचा दीर्घ इतिहास आहे.

हा इतिहास पाहता संकेत पाळला की मोडला, ही अभिजात संकेतांच्या पुनर्वापराची कसोटी होऊ शकत नाही. एगर्स आणि कूगलर दोघेही संकेत पाळतात. किंबहुना एगर्स त्यांचा अधिक सखोल अभ्यासक आहे. फरक पडतो तो संकेतातील गृहीत धरलेल्या दुव्यापाशी. एकाने इच्छा आणि अनुमती यांना जोडणारा दुवा घट्ट केला, दुसऱ्याने तो तोडला. हा भेद केवळ चित्रपटांपुरता नाही. एखाद्या स्त्रीवर किंवा समूहावर झालेल्या अत्याचारानंतर जे प्रश्न विचारले जातात, तिने रात्री का जावे, तिने का हसावे, त्यांनी गाणे एवढ्या मोठ्याने का वाजवावे, ते सारे हाकेला आमंत्रण समजण्याच्या या जुन्या तर्कावरच उभे असतात. लोकप्रिय कथाप्रकार हा तर्क आपल्या नियमांत साठवून ठेवतात आणि पिढ्यान्‌पिढ्या, करमणुकीच्या ओघात, तो पुढे पोहोचवतात.

म्हणून अशा प्रकारांच्या समीक्षेने रूपकाची उकल झाल्यावर थांबू नये. प्रत्येक नियमाविषयी तो कोणाला बांधतो, कोणाला मोकळे सोडतो आणि त्याची किंमत कोणाकडून घेतो, हे विचारले पाहिजे. 'नोस्फेरातू'ची दृश्यसिद्धी, प्रकाशयोजना आणि परंपरेचे ज्ञान निर्विवाद आहे. तरीही एलेनच्या पहिल्या याचनेला कर्ज न मानणारा शेवट त्या चित्रपटाला सुचला नाही. तो शेवट कसा असू शकतो, हे क्लार्क्सडेलच्या चर्चमध्ये गिटारीचा दांडा घट्ट धरून उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिल्यावर कळते.